नियम घडवणाऱ्या हातांना पडद्यावर जागा हवी

गेमवरून होणाऱ्या चित्रपटांबाबत पुणे-मुंबईतल्या गेम व व्हीएफएक्स कलावंतांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
व्हिडिओ गेमवरून चित्रपट काढणारे देशी-विदेशी निर्माते व स्टुडिओ,
त्यांचे काम मुंबई-पुण्यात घेणाऱ्या व्हीएफएक्स कंपन्या,
आणि महाराष्ट्र शासन

महोदय, महोदया,

गेमवरून भव्य चित्रपट काढण्याचे पर्व आता खऱ्या अर्थाने सुरू झाले आहे. २०२३ च्या 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही'ने जगभरात १३६ कोटी डॉलर कमावले. 'अ माइनक्राफ्ट मूव्ही'ने २०२५ मध्ये ९० कोटींचा टप्पा ओलांडला. 'द लेजंड ऑफ झेल्डा' २०२७ मध्ये येतो आहे. एकेकाळी गेमवरचा चित्रपट म्हटला की समीक्षक आधीच नाक मुरडत असत. आज स्टुडिओंच्या यादीत अशाच चित्रपटांना अग्रक्रम मिळतो.

आम्ही या धंद्याच्या दोन्ही टोकांना काम करतो. आमच्यात लेव्हल आखणारे आहेत, पात्रांच्या हालचाली करणाऱ्या ॲनिमेटर आहेत, कोड लिहिणारे आहेत. तसेच परदेशी चित्रपटांचे रोटो, पेंट, मॅचमूव्ह आणि कॉम्प करणारेही आहेत. गेम आमच्यासमोर घडतो, आणि मोठ्या चित्रपटांतल्या दृश्यांचे तुकडेही आमच्याच संगणकांवरून जातात. मधल्या टप्प्यावर, म्हणजे गेमचा चित्रपट कसा करायचा हे जिथे ठरते तिथे, आमच्यापैकी कोणी नसते. हे मागणीपत्र त्या मधल्या टप्प्याविषयी आहे.

आमचे म्हणणे असे: अद्भुत साहसाच्या गेमचा जीव त्याच्या नियमांत असतो. पोशाख, राजवाडे आणि राक्षस नंतर येतात. नियम ज्यांनी हाताने घडवला त्यांना पटकथेच्या टेबलाशी जागा, पडद्यावर नाव आणि कामाचा रास्त मोबदला मिळाला, तर चित्रपटही चांगला होतो. हे पटवण्यासाठी आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे उदाहरण सविस्तर मांडतो. हा गेम आमच्या कामाशी आणि आमच्या शहरांशी बऱ्याच धाग्यांनी जोडलेला आहे.

नियमाचा मान

१९८५ मध्ये जॉर्डन मेक्नर या तरुणाने आपल्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावले आणि व्हीएचएस कॅमेऱ्याने ते टिपले. मग टेप एकेका चौकटीवर थांबवून अंधाऱ्या खोलीत टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढले. फोटो धुऊन आणले. आकृतीची कड काळ्या मार्करने आणि खोडण्याच्या पांढऱ्या शाईने उठावदार केली, त्यांची झेरॉक्स काढली आणि ती चित्रे ॲपल टू संगणकात उतरवली. तलवारबाजीच्या हालचालींसाठी १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मधल्या द्वंद्वाचा आधार घेतला. १९८९ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा खेळणारे थक्क झाले, कारण पडद्यावरचा तो इवलासा राजपुत्र माणसासारखा धावत होता, कठड्याच्या कडेशी माणसासारखा तोल सावरत होता.

या पद्धतीला रोटोस्कोपिंग, थोडक्यात रोटो, म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ च्या सुमारास ती शोधली, तेव्हा विदूषकाचा वेष घालून त्यांच्यासमोर उभा राहिला होता त्यांचा भाऊ, आणि योगायोग असा की त्याचेही नाव डेव्ह. आमच्यापैकी शेकडो जण आज मालाड-गोरेगावात जे काम करतात त्याचा वंश थेट या दोन भावांपर्यंत जातो. म्हणून हा गेम आम्हाला आमच्या घरचा वाटतो.

त्याच गेममध्ये आणखी एक गोष्ट आहे. संगणकाची मेमरी संपत आली होती. नव्या शत्रूची चित्रे ठेवायला जागा उरली नव्हती. मेक्नर यांनी नायकाचीच आकृती किंचित सरकवून तिच्यावरच बसवली, आणि त्यातून एक झिलमिलती सावली तयार झाली. नायक आरशातून उडी मारतो तेव्हा ती त्याच्यातून सुटते आणि पुढे जागोजागी त्याला नडते. शेवटी दोघे समोरासमोर येतात. सावलीवर वार केला की घाव नायकालाच बसतो. तलवार म्यान केली तरच सावली त्याच्यात परत मिसळते. एकाही संवादाशिवाय, केवळ नियमातून, खेळणाऱ्याला आपल्या हातातल्या तलवारीचा विचार करायला लावणारा हा प्रसंग आहे. गेमची गोष्ट अशी सांगितली जाते.

२००३ चा 'द सँड्स ऑफ टाइम' युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओत घडला. क्रिएटिव्ह डायरेक्टर होते पॅट्रिस देझिले आणि कथा मेक्नर यांचीच. त्यात राजपुत्राच्या हाती एक खंजीर येतो. खंजिराचा खटका दाबला की काळ काही क्षण मागे जातो. चुकलेली उडी परत मारता येते. मात्र प्रत्येक वेळी खंजिरातली वाळू खर्ची पडते, आणि ती भरायची तर वाळूने झपाटलेल्या राक्षसांशी लढावे लागते. मागे जाण्याला किंमत आहे, आणि ती किंमत खेळणारा स्वतः मोजतो. त्यातच सारी गोष्ट राजपुत्र कोणाला तरी सांगतो आहे, आणि खेळणारा मेला की तोच मधे पडून म्हणतो की आपण चुकीचे सांगितले, असे काही झाले नव्हते. मरणे आणि पुन्हा सुरू करणे ही गेमची जुनी सोय इथे कथनाचा भाग झाली. इतकी सुबक जोडणी फार थोड्या कादंबऱ्यांत सापडेल.

२०१० मध्ये डिस्ने आणि जेरी ब्रुकहायमर यांनी यावर चित्रपट काढला. दिग्दर्शक माइक न्यूएल, नायक जेक जिलनहाल. खर्च सुमारे २० कोटी डॉलर, जगभरची कमाई सुमारे ३३.६ कोटी. गेमवरच्या चित्रपटांत तोवर एवढी कमाई कोणाची झाली नव्हती आणि सहा वर्षे तो विक्रम टिकला. तरीही दुसरा भाग निघाला नाही. आजही लोक गेम आठवतात, चित्रपट आठवत नाहीत.

कारण आम्हाला स्पष्ट दिसते. चित्रपटात खंजीर आहे, वाळू आहे, काळ मागे जातो, वाळू संपते हेही सांगितले जाते. काळ उलटा वाहण्याची दृश्ये अनेक कॅमेऱ्यांनी एकदम चित्रित करून घडवली होती आणि ती आजही देखणी वाटतात. पण काळ मागे जातो मोजक्याच वेळा, आणि मागे जाण्याची भूल, त्यातली अधीरता, वाळू वाया गेल्याची चुटपुट नायकाला कधी जाणवत नाही. खंजीर ही सगळ्यांना हवी असलेली एक मौल्यवान वस्तू होऊन बसतो, आणि उरतो तो एक पाठलाग. अशी वस्तू आणि असा पाठलाग दुसऱ्या कुठल्याही साहसपटात चालला असता.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. गेम जसाच्या तसा पडद्यावर उतरवा, असे आम्ही म्हणत नाही. 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये राजवाड्यातली जवळपास सगळी माणसे वाळूची भुते होतात, आणि शुद्धीवर उरतात तिघेच. दोन तास नायकाने भुते कापत राहावी याचा चित्रपट होत नाही. मेक्नर यांनी स्वतःच चित्रपटासाठी वेगळे कथानक मांडले होते, आणि ते योग्यच होते. कथानक बदलता येते. नियम मात्र ओळखून, जपून बदलावा लागतो.

म्हणून आमची पहिली मागणी: गेमचे हक्क घेताना, पटकथेचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी, मूळ गेमच्या डिझायनरांकडून एक नियमपत्र करून घ्यावे. गेमचा मुख्य नियम कोणता, तो वापरण्याची किंमत काय, तो खेळणाऱ्याच्या मनात कोणती भावना जागवतो, हे त्यात लिहिलेले असावे. पटकथाकाराच्या करारासोबत ते जोडावे. पटकथाकाराने त्यातले काय सोडले आणि का सोडले, याची टीप निर्मात्याला द्यावी. सोडण्याची मोकळीक त्याला असावीच. नकळत सुटून जाणे मात्र थांबावे.

टेबलाशी जागा

मेक्नर पटकथेपर्यंत पोहोचू शकले ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे हक्क त्यांनी आपल्याकडे राखले होते. त्यांनीच गेममधल्या दृश्यांची एक झलक जुळवून हॉलिवुडमध्ये दाखवली आणि तिथून चित्रपटाची सुरुवात झाली. पुढे पटकथा इतरांच्या हाती गेली. सुरुवातीला असलेला माणूस शेवटपर्यंत टेबलाशी राहीलच याची हमी एकट्या हक्काने मिळत नाही, ती करारात लिहावी लागते.

जिथे ती मिळाली तिथे काय झाले हेही पाहावे. १९९३ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा चित्रपट मूळ गेमपासून इतका दूर गेला की निंटेंडोने पुढे कित्येक वर्षे हॉलिवुडकडे पाठ फिरवली. २०२३ च्या चित्रपटात मारिओचे जनक शिगेरू मियामोतो सहनिर्माते होते. झेल्डाच्या चित्रपटात ते निर्मातेच आहेत आणि निम्म्याहून अधिक पैसा निंटेंडोचा आहे. 'द लास्ट ऑफ अस' ही मालिका क्रेग मेझिन यांच्यासोबत गेमचेच नील ड्रकमन यांनी उभी केली.

उलट उदाहरणही आम्ही लपवत नाही. २०१६ च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये गेमची कंपनी जवळून सहभागी होती, दिग्दर्शक डंकन जोन्स स्वतः त्या गेमचे चाहते होते. तरी सुमारे ४३.९ कोटी डॉलरच्या कमाईपैकी जवळपास निम्मी एकट्या चीनमधून आली, आणि अमेरिकेत चित्रपट पडला. आमच्या मते तिथे घराण्यांचा, जमातींचा, युद्धांचा सगळा इतिहास दोन तासांत कोंबला गेला, आणि खेळणारा त्या जगात ज्यासाठी रमत होता ते बाजूला राहिले. कंपनीचा अधिकारी टेबलाशी असणे आणि गेम घडवणारा डिझायनर असणे यांत फरक आहे, तो इथे दिसतो.

दुसरी मागणी: मूळ गेमच्या डिझाइन, लेखन आणि ॲनिमेशन विभागातून प्रत्येकी किमान एक व्यक्ती पटकथेपासून अंतिम संकलनापर्यंत सशुल्क सल्लागार म्हणून नेमावी. तिचे मत लेखी नोंदवले जावे. गेमची मालकी कंपनीकडे असेल तरीही ही नेमणूक कंपनीच्या मर्जीवर सोडू नये.

फराह कुठे गेली?

ही गोष्ट आम्हाला विशेष लागते. 'सँड्स ऑफ टाइम' गेमची सुरुवात एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने होते. खंजीर तिथूनच लुटला जातो, आणि त्या महाराजाची मुलगी फराह कैद होते. पुढचा बहुतेक प्रवास ती राजपुत्रासोबत करते. तिच्याकडे धनुष्य आहे, तिचे स्वतःचे मत आहे, आणि भिंतीतल्या ज्या फटींतून राजपुत्र जाऊ शकत नाही त्यांतून ती जाते आणि पलीकडून दार उघडते. राजपुत्र लुटारूंच्या बाजूचा आणि ती लुटल्या गेलेल्या घरातली, या तणावावर गेमचे सगळे संवाद उभे आहेत.

चित्रपटात फराह नाही. तिच्या जागी अलामूत या पवित्र नगरीची राजकन्या तामिना आली. अलामूत हा इराणातला खरा किल्ला, निझारी इस्माइलींचा. १२५६ मध्ये तो मंगोलांच्या हाती पडला. चित्रपटाने त्याचे नाव घेतले आणि बाकी सगळे कल्पनेने भरले. पर्शियाचा राजपुत्र आणि त्याची सहनायिका, दोन्ही भूमिका गोऱ्या कलाकारांकडे गेल्या. यावर तेव्हाच कडक टीका झाली आणि ती रास्त होती.

२०२४ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' या गेममध्ये फारसी संवादांचा पर्याय होता. ज्या संस्कृतीवर गेम उभा आहे तिच्या भाषेत तो खेळता यावा, एवढे करायला फार मोठा खर्च लागत नाही, इच्छा लागते.

हा प्रश्न आता आपल्या दारात आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आणला. भिंतीवरून धावणारी, खांबांवर चढणारी राजी पाहिली की ती कुठल्या परंपरेतली हे गेम खेळणाऱ्याला लगेच उमगते. आपला भाऊ गोलू याला सोडवायला निघालेली ही मुलगी राजस्थानी धाटणीच्या किल्ल्यांतून लढत जाते, आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. उद्या अशा गेमवर मोठा चित्रपट निघाला आणि देवांचे ते कथन बाजूला ठेवून नुसती तलवारबाजी घेतली गेली, किंवा राजीच कथेतून गायब झाली, तर फराहचीच कथा पुन्हा घडेल.

तिसरी मागणी: ज्या समाजाच्या कथेवर, भूमीवर किंवा श्रद्धेवर गेम उभा आहे त्या समाजातले लेखक आणि अभ्यासक पटकथेच्या टप्प्यावर सशुल्क घ्यावेत आणि मुख्य भूमिकांच्या निवडीत त्या समाजातल्या कलाकारांचा आधी विचार व्हावा. महाराष्ट्रात प्रदर्शित होणाऱ्या अशा चित्रपटांना मराठी उपशीर्षके द्यावीत, आणि शक्य तिथे मराठी डबिंगही. डबिंगचे संवाद गेम खेळलेल्या लेखकाकडून लिहून घ्यावेत, म्हणजे खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी असलेले शब्दच पडद्यावर ऐकू येतील.

नाव

पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चौकटी. समजा, नायक वाळूच्या वादळातून तलवार उगारून धावतो आहे. मागचे वाळवंट बदलायचे, म्हणून नायकाला पार्श्वभूमीतून वेगळे काढायचे. रोटो करणारी मुलगी त्याच्या धडाला एक आकार देते, डोक्याला दुसरा, हाताला तिसरा, आणि बोटे दिसत असतील तर प्रत्येक बोटाला स्वतंत्र. मग हे सगळे आकार चौकटीमागून चौकट सरकवत न्यायचे. वेगाने हललेल्या हाताची कड धूसर असते, तिचा अंदाज घ्यायचा. उडणाऱ्या केसांसाठी निराळी युक्ती करायची. काम वर गेले की लीडची नोंद येते: खांद्याची कड थरथरते आहे. सामान्य प्रेक्षकाला ती थरथर दिसणार नाही, पण न काढली तर नायक चिकटवल्यासारखा वाटेल. ती पुन्हा पहिल्या चौकटीवर जाते. मार्कर आणि पांढरी शाई घेऊन मेक्नर जे करत होते तेच ती करते आहे, फक्त तिच्या शॉटमधला नायक दुसऱ्याच्या कंपनीचा आहे आणि तिचे नाव कुठे येणार नाही.

मोठ्या चित्रपटांत प्रत्येक व्हीएफएक्स कंपनीला श्रेयनामावलीत किती नावे मिळतील हे करारात ठरते. मुख्य कंपनी काम पुढे दुसऱ्या कंपनीला देते, ती तिसऱ्या. साखळीच्या टोकाशी नाव उरत नाही. आमच्या एका सदस्येने एका परदेशी कल्पनारम्य चित्रपटाच्या लढाईचे कित्येक शॉट केले. नावही आले नाही, आणि गोपनीयतेच्या करारामुळे ते शॉट स्वतःच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या चित्रफितीत, लावायची परवानगीही नाही. नव्या नोकरीच्या मुलाखतीत ती म्हणते, मी हे काम केले आहे; समोरचा विचारतो, पुरावा? पगार ठरताना तिचा तेवढा अनुभव कोणी धरत नाही. नाव ही हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही मुलाखत डोळ्यांसमोर आणावी.

चौथी मागणी: साखळीतल्या शेवटच्या कंपनीपर्यंत, चित्रपटावर काम केलेल्या प्रत्येक कलावंताचे नाव श्रेयनामावलीत यावे. जागेची सबब असेल तर पूर्ण यादी चित्रपटाच्या अधिकृत संकेतस्थळावर कायम ठेवावी. प्रदर्शनानंतर सहा महिन्यांनी आपले शॉट शोरीलमध्ये वापरण्याची मुभा प्रत्येकाला द्यावी. मूळ गेम घडवलेल्या संपूर्ण चमूची नावेही चित्रपटात स्वतंत्र पाटीवर यावीत. ज्यांच्या कल्पनेवर कोट्यवधी डॉलर लागले, त्यांचे नाव 'अमुक गेमवर आधारित' या एका ओळीत झाकले जाऊ नये.

बदलाचा खर्च कोणाचा

२०१९ मध्ये 'सॉनिक'च्या पहिल्या झलकेवर प्रेक्षक संतापले. पात्राचा चेहरा, दात, अंगकाठी नव्याने घडवली गेली, प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेले. प्रेक्षकांचे ऐकल्याबद्दल निर्मात्यांचे कौतुक झाले आणि चित्रपट चालला. हे काम करणाऱ्या कंपन्यांपैकी एमपीसीची व्हँकुव्हर शाखा चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. ती या चित्रपटामुळे बंद झाली असे आम्ही म्हणत नाही. पण चूक झाली पात्राच्या पहिल्या आराखड्यात, ती निस्तरली कलावंतांनी, आणि यशाचा आनंद घ्यायला त्यांच्याकडे नोकरी नव्हती, हा क्रम आम्हाला विसरता येत नाही. गेमच्या डिझायनरांना पहिल्या दिवसापासून विचारले असते तर तो पहिला चेहरा लोकांपुढे आलाच नसता, असे आमचे ठाम मत आहे.

व्हीएफएक्सचे काम ठोक रकमेच्या बोलीवर घेतले जाते. बदल कितीही आले तरी रक्कम बहुतेक वेळा तीच. कंपनी तोटा सोसते, आणि कंपनीचा तोटा कलावंताच्या रात्रपाळीत, न मिळालेल्या जादा तासांच्या पैशांत आणि अखेर नोकरीत उतरतो. २०१३ च्या फेब्रुवारीत 'लाइफ ऑफ पाय'च्या दृश्यपरिणामांना ऑस्कर मिळाले, आणि ते काम करणाऱ्या रिदम अँड ह्यूज कंपनीने त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. ऑस्करच्या व्यासपीठावर कंपनीच्या संकटाचा उल्लेख होताच ध्वनिक्षेपक बंद झाला. २०२५ मध्ये एमपीसीची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली तेव्हा भारतातल्या हजारो कलावंतांच्या नोकऱ्या गेल्या. नाव मोठे असणे हे संरक्षण नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

अमेरिकेत २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कलावंतांनी एकमताने संघटनेच्या बाजूने मतदान केले. आपल्याकडे संघटना म्हटले की अजूनही भुवया उंचावतात. गिरण्यांच्या मुंबईत तरी तसे व्हायला नको.

पाचवी मागणी: ठरलेल्या फेऱ्यांनंतरच्या प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे द्यावेत, आणि त्यातला कलावंतांचा वाटा करारातच नमूद असावा. जादा तासांचे दुप्पट वेतन मिळावे. काम करून घेणारी कंपनी बुडाल्यास थकलेले वेतन देण्याची जबाबदारी मुख्य निर्मात्यावर यावी. रात्रपाळीत काम करणाऱ्या महिलांना घरापर्यंत वाहन मिळावे. हे आजही सगळीकडे मिळत नाही.

यंत्र आणि माणसाचा देह

अमेरिकेतल्या गेम कलाकारांचा जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला संप जवळपास वर्षभर चालला. मुख्य मुद्दा एकच होता: त्यांच्या आवाजाची आणि हालचालींची नक्कल यंत्राने करायची तर परवानगी आणि मोबदला हवा. आमची सहावी मागणी तीच आहे. मोशन कॅप्चरसाठी दिलेल्या हालचाली एका गेमसाठी घेतल्या असतील तर चित्रपटासाठी वेगळी संमती घ्यावी आणि वेगळे पैसे द्यावेत. आमच्या रोटो-पेंटच्या कामावर कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची असेल तर तसे आधी सांगावे, विचारावे आणि मोजावे.

शासनाकडे

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग व तत्सम क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. केंद्र शासन भारतात काम करणाऱ्या परदेशी चित्रपटांना पात्र खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, ३० कोटी रुपयांच्या मर्यादेत, प्रोत्साहन देते, आणि त्यात व्हीएफएक्सचे कामही बसते. हा जनतेचा पैसा आहे. तो घेणाऱ्याने वर लिहिलेल्या श्रेयाच्या, वेतनाच्या आणि संमतीच्या अटी पाळाव्यात, आणि राज्याच्या अनुदानासाठी तरी त्या बंधनकारक कराव्यात. केंद्राकडेही राज्याने तसा आग्रह धरावा.

हक्काचा मुद्दा त्याहून मोठा आहे. 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होते. एवढ्या नावाजलेल्या गेमची धुरा पहिल्यांदा आपल्या शहरांकडे आली होती. पहिल्या झलकेवर टीका झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेले. त्या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. मुद्दा एवढाच की दुसऱ्याच्या मालकीचे काम एका पत्राने परत जाऊ शकते. मेक्नर यांच्याकडे हक्क होते, म्हणून त्यांचा गेम वीस वर्षांनी चित्रपट होताना त्यांना वाटा मिळाला. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही असा केला. गेमच्या डिझायनर आणि ॲनिमेटरांसाठी तशी तरतूद नाही.

सातवी मागणी म्हणून आम्ही मागतो: राज्याच्या मदतीने घडलेल्या गेमचे मूळ हक्क तो घडवणाऱ्या चमूकडे किंवा छोट्या स्टुडिओकडे राहावेत, गेमवरून चित्रपट, मालिका, नाटक किंवा पुस्तक झाल्यास चमूतल्या प्रत्येकाला ठरावीक वाटा मिळावा, आणि केंद्राकडे कायद्यातल्या दुरुस्तीसाठी राज्याने लेखी शिफारस करावी. मराठीत गेम घडवणाऱ्या नवख्या चमूंसाठी धोरणात स्वतंत्र निधी राखावा. लोककथा, शिवकाळ, कोकणातल्या दंतकथा यांवर गेम करू पाहणारी मुले पुण्यात, कोल्हापुरात, नाशिकमध्ये आहेत. त्यांना कायदेशीर सल्ला मोफत मिळावा, म्हणजे पहिल्याच करारावर सही करताना चित्रपटाचे हक्क फुकटात जाणार नाहीत.

पुढचे पाऊल

सोबत नमुना करार जोडला आहे. त्यात नियमपत्राचा आराखडा, श्रेयाचे कलम, बदलाच्या दरांची पद्धत आणि संमतीचा अर्ज आहे. निर्मात्यांनी आणि कंपन्यांनी तो आपल्या वकिलांकडून तपासून घ्यावा आणि कुठले कलम मान्य नाही ते कारणासह लेखी कळवावे. कारणे दिली तर आम्ही बदल करायला तयार आहोत. श्रेयाचे आणि थकलेल्या वेतनाचे कलम मात्र सोडणार नाही.

निर्माते, कंपन्या आणि शासन यांची एकत्र बैठक मुंबईत घ्यावी. ती दुपारी तीननंतर ठेवावी, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या सदस्यांना झोप घेऊन येता येईल. बैठकीत पुण्याचे तीन, मुंबईचे तीन आणि त्यांत किमान तीन महिला असे आमचे सहा प्रतिनिधी येतील. इतिवृत्त मराठीत लिहिले जावे आणि आठवड्याच्या आत सर्वांना मिळावे.

आपली,
संघटनेची कार्यकारिणी